दारात आलेल्या पोराला किती द्यावे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या धाकट्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, म्हणून घरात चार माणसे गोळा झाली होती. मुलांच्या आईला कामावरून यायला सात वाजले. आता एवढ्यांचा स्वयंपाक कधी करायचा, म्हणून मुलीने मोबाईलवरून बिर्याणी मागवली. बाहेर पाऊस मी म्हणत होता. आमची इमारत जुनी, चार मजल्यांची, लिफ्ट नाही. आणि आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर.

पाऊण तासाने दार वाजले. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा उभा होता. रेनकोटातून पाणी निथळत होते, पाठीवर ती चौकोनी पिशवी. त्याने पार्सल काढून दिले. पार्सल कोरडे होते, तो मात्र नखशिखांत भिजला होता. मुलीने पर्समधून वीस रुपयांची नोट काढून त्याच्यापुढे धरली. त्याने हात पुढे केला आणि तेवढ्यात पलंगावर बसलेले आमचे वडील मोठ्याने म्हणाले, "पोरी, त्याला पोस्त कशाला देतेस? तो काय भिकारी आहे? कामाचे पैसे त्याला मिळतात की नाही?"

पोराने हात मागे घेतला. "राहू द्या ताई," एवढेच म्हणाला आणि झपाझप जिना उतरून गेला. नोट मुलीच्या हातात तशीच राहिली. त्या रात्री ती बिर्याणी कोणाच्याच घशाखाली नीट उतरली नाही.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. कारण हा प्रश्न आता आपल्या घराघरांत आला आहे. आपण रोज काही मागवत नाही. आपल्याला ते परवडत नाही. पण पाहुणे आले, घरात कोणी आजारी पडले, पगाराचा रविवार आला, की पोरे मोबाईल हातात घेतात. आणि दुसऱ्या बाजूला, ती पिशवी पाठीवर घेऊन जिने चढणाऱ्यांत आपलीही पोरे आहेत. आपल्या वस्तीत संध्याकाळी फेरी मारा, दर गल्लीत लाल, केशरी, पिवळ्या टी-शर्टातला एखादा मुलगा मोटारसायकल पुसताना दिसेल. म्हणजे दाराच्या आतही आपण आणि दाराच्या बाहेरही आपणच. मग त्या दारात काय द्यावे, किती द्यावे आणि कोणत्या भावनेने द्यावे, याचा विचार आपण नाही करणार तर कोण करणार?

वडिलांचा राग कशावर होता?

वडिलांचा राग त्या पोरावर नव्हता, हे आम्हाला ठाऊक होते. वडील आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचे लहानपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आमचे आजोबा गावचे येसकर. गावाचा निरोप पोचवायचा, सरकारी टपाल आणि बोजा तालुक्याला न्यायचा, कोणाच्या घरी मयत झाली तर पाच-सहा कोस पायी चालून पाहुण्यांच्या गावी वर्दी द्यायची. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, 'नाही' म्हणायची सोय नव्हती. आणि या कामाचे दाम काय? संध्याकाळी घुंगराची काठी वाजवीत दारोदार फिरायचे आणि वरून टाकलेली भाकरी झोळीत घ्यायची. देणारा देईल ते. शिळे असो, उष्टे असो. लहानपणी वडील आजोबांचा हात धरून त्या फेरीला गेले आहेत. त्यांना ती काठी अजून झोपेत ऐकू येते.

विचार करा, गावाचा माल आणि निरोप घरपोच करणारे ते आपलेच वाडवडील होते. कामात खोट नव्हती. खोट होती ती दामात. काम सक्तीचे आणि दाम मर्जीचे. म्हणूनच मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे आणि मृत मांस सोडण्यास सांगितले. पुढे 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी वतनासंबंधीचे बिल मांडले. वतनदार म्हणून राबणाऱ्याला ठरलेला मोबदला मिळावा, मर्जीचे बलुते नको, हा त्यामागचा विचार होता. ते बिल तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने संपविणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. म्हणजे एवढी वर्षे आपल्या माणसांनी एकच गोष्ट मागितली : भाकरी नको, मजुरी द्या.

वडिलांना मुलीच्या हातातली वीसची नोट दिसली नाही. त्यांना झोळीत पडणारी भाकरी दिसली. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांचे पूर्ण बरोबर होते असेही म्हणवत नाही. ते कसे, ते आमच्या भाच्याने आम्हाला शिकवले.

भाच्याने मांडलेला हिशेब

भाचा बी.कॉम. झालेला आहे. दोन वर्षे नोकरीसाठी खेटे घातले आणि शेवटी जुनी मोटारसायकल हप्त्याने घेऊन या कामाला लागला. पुढच्या रविवारी तो घरी आला तेव्हा वडिलांनी आपणहून विषय काढला. "मी त्या पोराला दुखवले काय रे?" त्यांनी विचारले.

भाचा हसला. म्हणाला, "आजोबा, तुमचे बरोबर आहे. भीक कोणालाच नको. पण तुम्ही म्हणता तो पगार आम्हाला नाहीच. कंपनीच्या कागदावर आम्ही कामगार नाही, 'पार्टनर' आहोत. ऑर्डर पोचवली तर पैसे. हॉटेलबाहेर अर्धा तास उभे राहिलो, त्या उभे राहण्याचे काही नाही. पेट्रोल माझे, गाडी माझी, टायर माझा, मोबाईलचा रिचार्ज माझा. आजारी पडलो तर त्या दिवसाची कमाई शून्य. चार गिऱ्हाइकांनी वाईट रेटिंग दिले किंवा खोटी तक्रार केली, तर आयडी बंद. मग कोणाच्या दारात जाऊन भांडायचे, तेही कळत नाही. साहेब म्हणून समोर कोणी नाहीच, समोर नुसता मोबाईल."

"मग तुला कोणी वीस रुपये दिले तर तू घेतोस?" वडिलांनी विचारले.

"घेतो, मामांच्या देखत सांगतो, घेतो. देणारा कसा देतो, ते बघतो आणि घेतो. एक जण दार अर्धे उघडून, तोंड फिरवून, दोन बोटांत नोट धरतो. ती घेताना हात जड होतो. आणि एखादी मावशी म्हणते, 'बाळा, जिना चढून दमलास, पाणी घे, हे पेट्रोलला ठेव.' ती नोट वेगळी असते. नोट दोन्हीकडे वीसचीच, आजोबा."

वडील बराच वेळ गप्प बसले.

आकडे काय सांगतात?

भावनेची गोष्ट बाजूला ठेवून आता आकडे पाहू. झोमॅटो आणि ब्लिंकिट या सेवा चालविणाऱ्या कंपनीचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी 2026 च्या सुरुवातीला स्वतःच काही आकडे जाहीर केले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे 2025 साली झोमॅटोच्या डिलिव्हरी कामगाराची सरासरी कमाई तासाला 102 रुपये होती. त्यात टीप धरलेली नाही आणि पेट्रोल व गाडीचा खर्च त्यातूनच जायचा आहे. टीप तासाला सरासरी 2 रुपये 60 पैसे. झोमॅटोच्या 100 ऑर्डरींपैकी सुमारे 5 ऑर्डरींवर टीप मिळते आणि ब्लिंकिटच्या 100 पैकी अडीचवर.

हे आकडे कंपनीचेच आहेत, टीकाकारांचे नव्हेत. आता आपण घरच्या वहीवर मांडतो तसे मांडू. रोज 10 तास, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 260 तास. तासाला 102 रुपयांनी झाले 26,520 रुपये. यातून पेट्रोल आणि गाडीचा खर्च जातो. कंपनीच्या हिशेबानेच तो पाचवा हिस्सा धरला, तर हातात 21 हजारांच्या आसपास राहतात. त्यातून गाडीचा हप्ता, खोलीचे भाडे आणि घर. आणि टीप? 260 तासांची टीप झाली 676 रुपये. महिनाभर 10-10 तास जिने चढून 676 रुपये!

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की शंभरांतली पंचाण्णव दारे काहीच न देता बंद होतात. त्यामुळे 'ही पोरे टीपवर गब्बर होतात' असे जे लोक बोलतात ते खोटे आहे. दुसरी ही, की आपण सर्वांनी टीप दुप्पट केली तरी ती 1,352 रुपये होईल. त्याने एखाद्या आठवड्याचे पेट्रोल सुटेल, संसार सुटणार नाही. म्हणजे टीप द्यावी, पण टीप दिली म्हणून प्रश्न सुटला असे समजू नये. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवायच्या आहेत.

आणखी एक गैरसमज दूर करू. बिलावर 'डिलिव्हरी चार्ज', 'प्लॅटफॉर्म फी' असे आकडे असतात. पुष्कळांना वाटते, हे पैसे त्या पोरालाच मिळतात, मग वेगळे कशाला द्यायचे? तसे नाही. प्लॅटफॉर्म फी कंपनीची असते. डिलिव्हरी चार्ज हा गिऱ्हाईक आणि कंपनी यांच्यातला हिशेब. पोराला ऑर्डरमागे काय द्यायचे हे कंपनी वेगळे ठरवते आणि ते बदलतेही. एप्रिल 2023 मध्ये ब्लिंकिटने दिल्ली परिसरात ऑर्डरमागचा किमान दर 25 रुपयांवरून 15 रुपयांवर आणला, तेव्हा तेथील कामगारांनी काम बंद ठेवले होते. गिऱ्हाइकाच्या बिलावरून पोराची मजुरी कळत नाही, हे त्यातून दिसून आले. मोबाईलमधल्या 'टीप' या बटणावरून दिलेले पैसे मात्र पूर्ण कामगाराला मिळतात, असे कंपनी सांगते.

अमेरिकेने टाकलेला डाव

टीपची खरी पेठ अमेरिका. तेथे हॉटेलात बिलाच्या 15 ते 20 टक्के टीप देणे हा रिवाजच आहे. आपल्याला वाटेल, किती उदार लोक! पण ही उदारता कोठून आली ते पाहिले पाहिजे.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती 1865 साली. त्यानंतर पुलमन नावाच्या रेल्वे डब्यांच्या कंपनीने झोपण्याच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करण्यासाठी मुक्त झालेले काळे लोक कामाला घेतले. पगार अगदी तुटपुंजा ठेवला आणि बाकीचे प्रवाशांच्या बक्षिसीवर सोडून दिले. सामान उचलायचे, बूट पुसायचे, गादी घालायची आणि हसतमुखाने हात पुढे करायचा. प्रवासी त्या सर्वांना 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारीत, कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. माणसाला स्वतःचे नावही राहिले नाही! 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांनी आपली संघटना बांधली. बारा वर्षे लढल्यावर 1937 साली पुलमन कंपनीला त्यांच्याशी करार करावा लागला. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हे 'जॉर्ज' तेथील रेल्वेत राबतच होते.

तो डाव अजून संपलेला नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टीप मिळविणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची किमान रोख मजुरी 1991 पासून तासाला 2 डॉलर 13 सेंट एवढीच आहे. उरलेले गिऱ्हाइकाने भरावे, ही अपेक्षा. आणि टीपवरही डल्ला मारता येतो. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेझॉन कंपनीने सामान पोचविणाऱ्या चालकांची टीप परस्पर मजुरीत वळती केल्याच्या प्रकरणात 6 कोटी 17 लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. गिऱ्हाईक देत होते चालकाला आणि वाचत होते ते कंपनीचे! शेवटी न्यूयॉर्क शहराने 2023 च्या अखेरीस अन्न पोचविणाऱ्यांसाठी तासाची किमान कमाईच कायद्याने ठरवून दिली. म्हणजे पुष्कळ फिरून लोक आले कोठे? आपले वाडवडील जे मागत होते तेथेच. आधी मजुरी, मग बक्षिसी.

मग किती द्यावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या घरी त्या रविवारी सर्वांनी बसून जे ठरवले ते येथे देतो. हा काही नियम नव्हे. ज्याला जमेल त्याने यातले घ्यावे.

पहिली गोष्ट, बिलाच्या टक्क्यावर जाऊ नये. 150 रुपयांची इडली आणि 1,500 रुपयांची बिर्याणी आणणारा पोरगा तेवढेच जिने चढतो, तेवढेच पेट्रोल जाळतो. बिलाकडे नव्हे, श्रमाकडे पाहावे.

साधी, जवळची ऑर्डर असेल तर 10 ते 20 रुपये. भर पाऊस, मे महिन्याची दुपार किंवा रात्री उशिराची वेळ असेल तर 30 रुपये. घरात तिघे-चौघे खाणारे आणि बाहेर तो एकटा भिजणारा, एवढे मनात आणले की 30 रुपये जड वाटत नाहीत.

किराणा मागवला असेल तर ओझे पाहावे. 10 किलो तांदूळ, 5 लिटर तेलाचा डबा, पाण्याच्या बाटल्या आणि वर लिफ्ट नसलेला जिना, अशा वेळी मजल्यामागे 10 रुपये धरावेत. नाही तर आपणच खाली उतरून निम्मे ओझे हातात घ्यावे. ते पैशांपेक्षा मोठे आहे.

वाढदिवस, नामकरण, मंगल परिणय यासाठी मोठी ऑर्डर असेल, तर 50 ते 100 रुपये आणि सोबत त्यालाही एक घास. सणाच्या दिवशी आपल्या घरात गोडधोड असते. भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला आलेल्या पोराच्या हातावर वाटीभर खीर ठेवायला काही लागत नाही.

गॅसच्या सिलिंडरचे मात्र वेगळे आहे. त्याच्या किमतीत घरपोच करण्याचा खर्च धरलेला असतो. 'वरचे पन्नास द्या, नाही तर सिलिंडर खालीच ठेवतो' असे कोणी म्हणत असेल तर ती टीप नव्हे, अडवणूक आहे. तेथे पावती दाखवून बोलावे. पण भरलेले सिलिंडर 30 किलोच्या आसपास असते. ते खांद्यावर घेऊन तिसरा मजला चढणाऱ्याला आपण खुशीने 20-30 रुपये दिले, तर ते योग्यच. मागून घेतलेले आणि खुशीने दिलेले यात फरक आहे.

शक्य तर हातात द्यावे किंवा त्याच्या मोबाईलवर थेट पाठवावे. सुटे पैसे दाराजवळ डबीत ठेवावेत, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होत नाही. आणि मोबाईलवर आधी टीप दाखवून मागाहून काढून घेण्याचा प्रकार कधीही करू नये. 2020 च्या साथीत अमेरिकेत काही गिऱ्हाइकांनी तसे केले. लवकर माल मिळावा म्हणून मोठ्या टीपचे आमिष आणि माल हातात पडताच शून्य. याला लबाडी म्हणतात.

आणि जवळ नसतील तर? तर देऊ नये, आणि त्याची लाजही बाळगू नये. महिनाअखेरीस आपल्या घरात काय परिस्थिती असते ते आपल्याला माहीत आहे. टीप हे कर्ज नव्हे. पण पैसे नसले तरी देण्यासारखे पुष्कळ असते.

पैशांखेरीज

पत्ता नीट लिहावा. आपल्या वस्तीत घरांचे नंबर सलग नसतात. 'विहाराच्या मागे, निळ्या कमानीतून डावीकडे' एवढे लिहिले तर त्या पोराची दहा मिनिटे वाचतात. फोन आला की उचलावा. जिना अंधारा असेल तर दिवा लावावा. पाणी विचारावे, आणि घरातल्या पेल्यातून द्यावे. पाण्याचे महत्त्व आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. काही मोठ्या सोसायट्यांत 'डिलिव्हरीवाल्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये' अशा पाट्या लागतात. आपल्यातले काही आता अशा सोसायट्यांत राहायला गेले आहेत, त्यांनी सभेत उभे राहून त्या पाटीबद्दल विचारावे. वेगळी वाट, वेगळा पेला, वेगळी लिफ्ट, ही एकाच वंशाची पिल्ले आहेत.

उशीर झाला म्हणून रागाने वाईट रेटिंग देऊ नये. हॉटेलने उशीर केला तरी शिक्षा पोराला होते. उलट चांगले काम केले असेल तर चांगले रेटिंग आवर्जून द्यावे. त्याला एक पैसा लागत नाही. आणि 'दहा मिनिटांत आणतोस की नाही' असे कोणाच्या पोराला म्हणू नये. डिसेंबर 2025 च्या अखेरीस देशभरातील अशा कामगारांनी संप केला, त्यात दहा मिनिटांची अट काढा ही मागणी होती. जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर ब्लिंकिटने आपल्या जाहिरातीतून दहा मिनिटांचे वचन काढले. आपल्या घरात कोथिंबीर पाच मिनिटे उशिरा आली तर काही बिघडत नाही. सिग्नल तोडणाऱ्या पोराचे मात्र सगळेच बिघडू शकते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला राबणाऱ्या माणसांविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, घरातल्या चांगल्या पदार्थाचा वाटा द्यावा आणि वेळेवर सुट्टी द्यावी. यात वेतन वेगळे सांगितले आहे आणि चांगल्या पदार्थाचा वाटा वेगळा. वाटा दिला म्हणून वेतन बुडवण्याची परवानगी मिळत नाही. टीपचे सगळे तत्त्व त्यात आले.

हक्काचे काय?

हक्काची गोष्टही घरातच बोलली पाहिजे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचा प्रथमच कायद्यात उल्लेख आला. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आहे. मात्र ती कामगारांना दिलेल्या एकूण रकमेच्या 5 टक्क्यांहून जास्त असणार नाही. राजस्थानने 2023 साली आणि कर्नाटकाने 2025 साली आपापले वेगळे कायदे केले.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. माथाडी कामगाराचाही एक ठरलेला मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. तेव्हाही व्यापारी म्हणत, हा आमचा नोकर नाही. तरीही अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले आणि 1969 साली कायदा झाला. मंडळे झाली, मालकाकडून लेव्ही वसूल होऊ लागली, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार मिळू लागले. पाठीवर पोते घेणाऱ्याला जे मिळाले, ते पाठीवर पिशवी घेणाऱ्याला का मिळू नये? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात 1946 साली कारखान्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आली. आमचा भाचा साठ तास गाडीवर असतो आणि त्याची मोजदाद करणारे कोणी नाही.

ज्यांच्या घरी अशी मुले आहेत त्यांनी निदान एवढे करावे. मुलाचे नाव ई-श्रम पोर्टलवर नोंदवावे. आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल जवळ असावा. या नोंदणीला पैसे पडत नाहीत. 2025 च्या अर्थसंकल्पात अशा कामगारांना ओळखपत्र आणि आयुष्मान योजनेतून आरोग्य संरक्षण देण्याची घोषणा झाली, तिच्यासाठी ही नोंदणी लागते. रोजच्या ऑर्डरी, तास, मिळालेले पैसे आणि पेट्रोल यांची वही ठेवावी. उद्या भांडायची वेळ आली तर तोंडी बोलण्याला किंमत नसते, वहीला असते. आणि एकट्याने भांडू नये. संघटित होण्याचा मंत्र आपल्याला कोणी उसना द्यायचा नाही.

शेवटचे

मागच्या महिन्यात वडिलांना ताप होता. खालच्या गल्लीतले औषधाचे दुकान बंद, म्हणून मुलीने मोबाईलवरून गोळ्या मागवल्या. पोरगा आला तेव्हा वडील स्वतः काठी टेकत दाराशी गेले. "नाव काय तुझे?" त्यांनी विचारले. पोराने नाव सांगितले. वडिलांनी ते नाव घेऊन त्याला खुर्ची दाखवली. म्हणाले, "दोन मिनिटे बस. पाणी घे." आणि मग आपल्या पेन्शनीतली वीसची नोट त्याच्या हातात दिली. "ही पोस्त नव्हे. माझ्या गोळ्या तू चार मजले वर आणल्यास, त्याचा हा माझ्याकडचा वाटा. तुझी मजुरी तुझ्या कंपनीकडून घे. ती सोडू नकोस."

पोरगा हसला, नोट खिशात घातली आणि "येतो आजोबा" म्हणून उतरला.

आमच्या मते किती द्यावे, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. दहा द्या, वीस द्या, नसतील तर पाण्याचा पेला द्या. पण नाव विचारून, डोळ्याला डोळा देऊन द्या. आणि त्याची मजुरी जेथे अडली आहे, तेथे त्याच्या बाजूने बोला. आपल्या वाडवडिलांना दोन्ही मिळाले नव्हते.

जयभीम.